खानदेशातल्या मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र : संडे स्कूलची घोकंपट्टी थांबवा

माननीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सभासद आणि मंडळीतले वडीलधारे यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नवापूरपासून भुसावळपर्यंत बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत संडे स्कूलचा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या मुलांच्या वर्गाचा, निकाल वर्षातून एकदाच लागतो, नाताळच्या कार्यक्रमात. नवे कपडे घातलेलं लेकरू स्टेजवर येतं, माइक धरतं आणि एका दमात बायबलमधली दहा वचनं म्हणून मोकळं होतं. टाळ्या पडतात, स्टीलचा डबा मिळतो, आईबापांचा ऊर भरून येतो. त्याच लेकराला संक्रांतीच्या सुमारास विचारून बघा. दहातली दोन आठवतील, आणि त्या दोनांत काय सांगितलंय ते विचारलं तर आईच्या पदराआड जाईल. यात लेकराचा दोष नाही, शिक्षिकेचाही नाही. नोव्हेंबरअखेर यादी हातात देऊन तीन आठवड्यांत पाठ करून घ्या म्हटल्यावर दुसरं काय होणार?

आमचं म्हणणं थोडक्यात असं. एका रविवारी एक गोष्ट, एक लहान वचन आणि ते वचन करून बघायचं एक काम, एवढंच संडे स्कूलमध्ये असावं. आणि त्याला लागणारा वेळ, जागा व माणसं कमिटीने ठराव करून द्यावीत. पुढचं सगळं पत्र म्हणजे हे कसं करायचं त्याचा तपशील आहे. पत्र लांबलं आहे, पण कमिटीच्या बैठकीत कंपाउंडच्या गेटवर याहून जास्त वेळ जातो.

सुरुवात वयापासून करू. संडे स्कूलच्या बॅनरवर नीतिसूत्रे २२:६ बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं : "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे." आणि त्याच बॅनरखाली तीन वर्षांच्या पोरीपासून दहावीतल्या पोरापर्यंत सगळे एका सतरंजीवर बसलेले असतात. अशा वर्गात शिक्षिका मधल्या वयाला धरून बोलते. धाकट्यांना कळत नाही म्हणून ते रडतात किंवा चप्पल घेऊन पळतात. थोरल्यांना ते बाळबोध वाटतं म्हणून ते मागे बसून मोबाइल काढतात, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी यायचेच बंद होतात. मग आपण म्हणतो, तरुण पिढी मंडळीत टिकत नाही. ती गळती आठव्या-नवव्या वर्षीच सुरू झालेली असते.

चार गट असावेत : ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ आणि १२ ते १४. मुलं पंधराच असतील तर दोन गट करा, आठ वर्षांपर्यंतची एकीकडे आणि वरची दुसरीकडे. दोन गटांना दोन खोल्या हव्यात असं नाही. एक वर्ग चर्चच्या ओट्यावर, दुसरा निंबाखाली, मध्ये एवढं अंतर की एका गटाचं गाणं दुसऱ्याच्या गोष्टीवर पडू नये. चार वर्षांचं मूल एका जागी बसून पाच-सात मिनिटं ऐकतं. आठ वर्षांचं बारा-पंधरा मिनिटं. अकरा वर्षांचं वीस मिनिटं ऐकेल, पण मध्ये त्याला बोलू दिलं तरच. वीस मिनिटांचा उपदेश पाच वर्षांच्या मुलाला दिला की ते चुळबूळ करणारच, त्यात शिस्तीचा प्रश्नच नाही.

वेळ पंचेचाळीस मिनिटं हवा, आणि तो खरोखर पंचेचाळीस मिनिटं असावा. आज काय होतं? भक्ती लांबते, मुलं उपदेश सुरू झाल्यावर बाहेर पाठवली जातात, आणि उपदेश संपला की अर्ध्या गोष्टीतून परत बोलावली जातात. म्हणजे वर्गाची लांबी उपदेशकाच्या हाती. तीस मिनिटं मिळतील की पंचावन्न हेच ठाऊक नसेल तर शिक्षिका तयारी कशाच्या जोरावर करणार? शिवाय या व्यवस्थेचा उघड अर्थ असा की मोठ्यांना शांतता मिळावी म्हणून मुलं बाहेर नेली. मुलांना तो अर्थ बरोबर कळतो.

पंचेचाळीस मिनिटांची वाटणी आम्ही अशी सुचवतो. पहिली पाच मिनिटं हजेरी आणि घरची खबर : कोणाची आजी आजारी, कोणाकडे शेळी व्याली. मग आठ मिनिटं हावभावाची गाणी, दोनच, त्यातलं एक जुनं. मग दहा मिनिटं गोष्ट, सात मिनिटं वचन, दहा मिनिटं हाताचं काम, आणि शेवटची पाच मिनिटं प्रार्थना, तीही मुलांनी केलेली, एकेक वाक्याची. हा क्रम उलटा करू नये. गाण्यात अंग हलल्याशिवाय गोष्टीला कान मिळत नाहीत. आणि वचन गोष्टीच्या आधी आलं तर ते हवेत लोंबकळतं. गोष्ट ऐकून झाली की तेच वचन त्या गोष्टीचं होऊन बसतं. वेळ कमी पडला तर एक गाणं कमी करा. हाताचं काम कापू नका. नेमकं तेच दर वेळी कापलं जातं.

आता वचनाविषयी, कारण सगळा घोटाळा इथे आहे. तीन ते पाचच्या मुलांना पाच-सहा शब्दांपेक्षा लांब वचन देऊ नये. "देव प्रीती आहे" हे तीन शब्दांचं वचन त्यांना महिनाभर पुरतं. सहा ते आठला दहा-बारा शब्द. एक वचन दोन रविवार चालवावं. वर्षाचे बावन्न रविवार धरले, त्यातून सण, पाऊस आणि स्थलांतर वजा केलं, तर वीस-बावीस वचनं होतात. तेवढी पुरेत. वीस वचनं आयुष्यभर टिकली तर ती नाताळच्या शंभर वचनांहून जड आहेत.

पद्धत एका उदाहरणाने सांगतो. स्तोत्र २३ चं पहिलं वचन घ्या : "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." नऊ शब्द. आधी फळ्यावर काही लिहू नका. आधी विचारा, मेंढपाळ दिवसभर काय करतो? साक्री-शिंदखेड्याकडच्या माळावर ठेलारी मेंढपाळांची मेंढरं पाहिलेलं मूल तुम्हालाच शिकवेल : पाणी कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, लंगडं कोकरू तो खांद्यावर घेतो, रात्री लांडग्यासाठी जागतो. जळगावच्या फ्लॅटमधल्या मुलाला चित्र दाखवावं लागेल. मग शिक्षिकेने वचन दोनदा सावकाश म्हणावं. मुलांनी त्या वेळी फक्त ऐकायचं. मग तुकडे करायचे : "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", "मला काही", "उणे पडणार नाही". शिकवायला शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करा. आधी "उणे पडणार नाही" पक्कं करा, मग त्याच्या आधीचा तुकडा जोडा. पहिल्यापासून सुरू केलं की सुरुवात दणक्यात येते आणि शेवट पुटपुटत विरतो, हे कुठल्याही वर्गात ऐकू येईल. शेवट आधी पक्का असला की मूल म्हणता म्हणता ओळखीच्या वाटेवर येतं, अडखळत नाही. मग फळ्यावर लिहा आणि दर वेळी एक शब्द पुसा. शेवटी कोऱ्या फळ्याकडे बघून सगळे वाचतात आणि स्वतःच हसतात.

इथे एक सापळा आहे. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं की तीन मुलं म्हणतात आणि बाकीची ओठ हलवतात. शिक्षिकेला वाटतं, झालं पाठ. म्हणून शेवटी तिघातिघांकडून म्हणवून घ्यावं. एकट्याला उभं करू नये, लाजरं मूल त्या एका प्रसंगावरून पुढचे महिनाभर येत नाही. तेच वचन वर्ग संपताना पुन्हा, पुढच्या रविवारी सुरुवातीला पुन्हा, चौथ्या रविवारी पुन्हा आणि तीन महिन्यांनी एकदा. मध्ये विसरू देऊन परत आठवायला लावलं की ते पक्कं बसतं, एका बैठकीत पन्नास वेळा घोकून बसत नाही. अध्याय आणि ओवीचा आकडा नऊ वर्षांखालच्या मुलांकडून मागूच नका. त्यांना तो आकडा वचनाचाच भाग वाटतो.

गोष्टींकडे वळू. खानदेशातल्या मुलांना पवित्र शास्त्रातल्या किती गोष्टी पुस्तकाबाहेर, शेतातच भेटतात याचा आपण उपयोगच करत नाही. रूथचा दुसरा अध्याय घ्या. सातूची कापणी, कापणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे खाली पडलेली कणसं, वेचणारी परदेशी विधवा रूथ, घरी वाट बघणारी सासू नामी. शहरातल्या मुलाला सरवा म्हणजे काय हे सांगावं लागतं. शिरपूर, शहाद्याच्या खेड्यांतलं मूल तो वेचून आलेलं असतं.

सहा ते आठच्या वर्गाला हा पाठ असा देता येतो. वीस-पंचवीस ज्वारीची कणसं, एक जुनी चादर, एक वाटी. दोन मुलं कापणारी, एक रूथ. रूथ नेहमी मुलगीच असावी असं काही नाही. कणसं चादरीवर पसरा. पहिल्या फेरीत कापणाऱ्यांना सांगा, सगळं उचला. रूथ मागून चालते, वाटी रिकामी. तिथे थांबा. "आता घरी जाऊन नामीला काय सांगेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग लेवीय १९ मधला नियम सांगा : शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, खाली पडलेलं परत उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. दुसऱ्या फेरीत शेताचा मालक बवाज कापणाऱ्यांच्या कानात सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं टाका आणि तिला धमकावू नका. पुन्हा फेरी, पुन्हा वाटी. या वेळी कणसं मोजा. मग खरा प्रश्न येतो : बवाजाने तिला सरळ पोतं भरून का दिलं नाही, गुपचूप का टाकायला लावलं? सात वर्षांची मुलं याचं उत्तर देतात. तिला लाज वाटू नये म्हणून, असं कोणीतरी म्हणतंच. कोणी म्हणतं, तिला काम करायचं होतं ना. दोन्ही घ्या. तात्पर्य तुम्ही सांगू नका. मुलाने काढलेलं त्याच्याजवळ राहतं, आपण हातात दिलेलं वर्गाबाहेर पडलं की सांडतं. वचन इफिसकरांस ४:३२ मधलं घ्या, तेही एवढंच : "एकमेकांबरोबर उपकारी व कनवाळू व्हा." आठवडाभराचं काम : कोणासाठी तरी, त्याला न सांगता, काहीतरी मुद्दाम सोडायचं. पाण्याच्या रांगेतला नंबर, बॅटिंगची पाळी, ताटातली शेवटची पोळी. रूथ आणि बवाजाचं लग्न या वयाला नको, त्याला वेगळा रविवार आहे. आणि कणसं खेळात उडतात, एखादं मूल दाणे नाकात घालतं, म्हणून कणसांची वाटणी आणि गोळा करणं दुसऱ्या शिक्षिकेकडे असावं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्टही अशीच जमिनीवर आणता येते. लुटून रस्त्यात टाकलेल्या अनोळखी माणसाला उचलून नेऊन त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, आणि मत्तय २० मध्ये दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे. नऊ ते अकराच्या मुलांना विचारा, तुमच्याकडे कापूस वेचायला, केळीच्या बागेत रोज काय पडतो? त्याची दुप्पट फळ्यावर लिहा. अनोळखी माणसासाठी एवढे काढून दिले, वर 'जास्त लागले तर परत येताना देईन' म्हणाला. आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. पण शोमरोनी कोण हे सांगितल्याशिवाय गोष्टीची धार जाते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, हे योहान ४ मध्ये आहे. आपल्या गावात कोणाच्या घरचं पाणी कोण पीत नाही हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. नाव घ्यायची गरज पडत नाही.

काही गोष्टी मात्र वयाआधी सांगितल्या जातात आणि नुकसान करतात. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवतो, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला सांगितली तर ते देवाकडे बघत नाही, आपल्या बापाच्या हातातल्या कोयत्याकडे बघतं. जलप्रलयात तीन-चार वर्षांच्यांना नोहा, तारू, प्राणी आणि मेघधनुष्य एवढंच द्या, मोठं मूल "बाकीच्या लेकरांचं काय झालं?" विचारील तेव्हा उत्तर टाळू नका. दावीद आणि गल्याथ सगळ्यांना आवडते, पण खानदेशात पाखरं राखायची गोफण बऱ्याच घरांत असते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं तरी डोकं फुटतं. ती गोष्ट नऊच्या पुढे सांगा, आणि दगडापेक्षा आधीच्या भागावर थांबा : शौल राजाचं चिलखत दावीदाने घालून पाहिलं आणि काढून ठेवलं, कारण त्याची सवय नव्हती. अलीशा संदेष्ट्याची टिंगल करणाऱ्या पोरांवर अस्वली आल्या ही गोष्ट, किंवा पैसे दडवून खोटं बोलले आणि जागीच मेले त्या हनन्या-सप्पीरेची, वर्गात दंगा करणाऱ्यांना किंवा अर्पणाचं नाणं खिशात ठेवणाऱ्यांना धाक घालायला वापरू नका. देव शिक्षा करील, डोळे जातील, सैतान नेईल ही वाक्यं संडे स्कूलमधून कायमची हद्दपार करावीत. भीतीने वर्ग पाच मिनिटं गप्प होतो, आणि रात्री ते लेकरू अंथरुणात मुततं. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. देवाच्या घरात त्याहून खालची पायरी कशाला?

सद्गुण शिकवायचा म्हणजे त्याचा उपदेश करायचा अशी आपली समजूत आहे. गलतीकरांस ५ मधली आत्म्याच्या फळाची यादी मुलं पाडे म्हटल्यासारखी म्हणतात : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ रविवारांत नऊ गुण संपवले की हाती फक्त यादी उरते. एक गुण चार रविवार धरा, आणि वर्गातच त्याची वेळ आणा. सहनशीलता शिकवायची तर आठ मुलांना रंगखडूंच्या चारच पेट्या द्या, जाणूनबुजून. भांडण होईल. तेच हवं आहे. त्या दिवशीचा पाठ भांडणाचाच. शिक्षिकेने सोडवायला धावू नये, दोन मिनिटं बघावं, मग विचारावं, आता काय करायचं? पाळी लावायची कल्पना मुलांकडूनच येते. मात्र हे वर्षात दोनदाच. दर रविवारी मुद्दाम तुटवडा केला तर मुलं शिक्षिकेवरचा विश्वास सोडतात.

माफी मागणं हेही शिकवावं लागतं. "सॉरी म्हण" म्हटलं की मूल खाली बघून म्हणतं आणि विषय संपतो. जकातदार जक्कयाने तेवढ्यावर भागवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत, असं लूक १९ सांगतं. म्हणून वर्गात माफीचे तीन भाग ठेवा. मी काय केलं ते नाव घेऊन सांगणं, समोरच्याला काय झालं ते त्याच्याकडून ऐकणं, आणि काहीतरी भरून देणं. खडू मोडला तर स्वतःचा देणं, चित्र फाडलं तर चिकटवून देणं. चौपट मागू नका. पाच वर्षांच्या मुलाला पहिला भागही जड जातो, त्याला तिसऱ्यावर सोडा.

बक्षिसांबद्दल कमिटीने एकदा कठोरपणे विचार करावा. वचनाला चॉकलेट मिळू लागलं की मुलं सगळ्यात छोटं वचन शोधतात, आणि चॉकलेट बंद झालं की वचनही बंद होतं. शिवाय बक्षीस कोणाला मिळतं? ज्याच्या घरी आई वाचू शकते त्याला. पाळकांच्या आणि शिक्षिकांच्याच मुलांना पहिला नंबर, हे दृश्य मंडळी दर वर्षी बघते आणि बाहेर बोलते. हजेरीचं बक्षीस तर त्याहून वाईट. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात आणि होळीला किंवा त्याहून उशिरा परततात. त्या लेकरांनी रविवार बुडवले नाहीत, पोट भरायला गेली. त्यांच्यासमोर हजेरीचा डबा दुसऱ्याच्या हातात देणं हा कसला सद्गुण?

या मुलांसाठी वर्षाची आखणीच बदलायला हवी. जून ते ऑक्टोबर हे आपले भरवशाचे वीस रविवार. येशूचा जन्म, दृष्टांत, वधस्तंभ, पुनरुत्थान हा गाभा याच वीस रविवारांत बसवा. पुनरुत्थान फक्त एप्रिलला शिकवलं तर ऊसतोडीला गेलेलं मूल वर्षानुवर्षं ते ऐकतच नाही. जाताना प्रत्येकाला एक जाड कार्ड द्या : एका बाजूला सहा चित्रं, दुसऱ्या बाजूला सहा लहान वचनं, भोक पाडून दोरा ओवलेलं, म्हणजे पालाच्या बांबूला टांगता येतं. कागद दिला तर चुलीत जातो. परत आल्यावर हजेरीत मागची गैरहजेरी वाचून दाखवू नये.

भाषेचं एवढंच म्हणणं आहे : गोष्ट घरच्या बोलीत, वचन मराठीत. नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी आणि भिली, धुळे-अमळनेर पट्ट्यात अहिराणी. शिक्षिकेला बोली येत नसेल तर तिने मराठीत सांगावं आणि दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलाने लगेच बोलीत सांगावं. त्या मोठ्या मुलाचाही पाठ पक्का होतो. गोष्ट मध्येच थांबवल्यावर मुलं "मंग काय व्हयनं?" म्हणून ओरडली तर समजा वर्ग चालला आहे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आणि जळगावात अडचण वेगळी. तिथली इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात, आणि त्यांना पाळीपाळीने मोठ्याने वाचायला लावलं की वर्ग हसतो. पाळीपाळीचं वाचन बंद करा. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ग्लॉस्टरला जे वर्ग सुरू केले ते सहा दिवस कामावर जाणाऱ्या मुलांना रविवारी वाचायला शिकवण्यासाठीच होते, तेव्हा महिन्यातून एक हाताचं काम अक्षरओळखीचं ठेवलं तर ते परंपरेला धरूनच आहे.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये दहाला वर्ग भरतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत वर्ग सकाळी साडेसातला, भक्तीच्या आधी, आणि माठ भरलेला. मे महिन्यातलं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, शक्य तिथे दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या चार दिवसांत न्या, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत; मेमध्येच ठेवायचं असेल तर सात ते साडेनऊ, त्यापुढे एक मिनिट नको.

शिक्षिका. बहुतेक मंडळ्यांत नुकती दहावी झालेली मुलगी आणि एक थकलेल्या बाई यांच्यावर सगळं असतं, आणि त्यांना वर्षभर उपदेश ऐकायला मिळत नाही. दोन रविवार वर्ग, दोन रविवार मोकळे, अशी पाळी लावा. एका वेळी वर्गात दोघं हवीत, म्हणून प्रत्येक गटाला चार माणसं लागतात, आणि त्यात पुरुष असावेत. तयारी शनिवारी रात्री नव्हे, गुरुवारी : उतारा तीनदा वाचायचा, त्यातला एकदा मोठ्याने, पुस्तक मिटून गोष्ट भिंतीला सांगायची, एकच प्रश्न लिहायचा, सामान पिशवीत भरायचं. वर्षातून तीनदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून. खर्च म्हणाल तर एका मुलामागे महिन्याला एका वडापावचे पैसे पुरतात. खडू, चित्रकागद, रंग, सुतळी, डिंक.

आणि सुरक्षितता. ही कलमं ऐच्छिक मानू नका. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली. दार उघडं. लहान मुलाला संडासला नेताना दुसऱ्या शिक्षिकेला सांगून जायचं. वर्ग सुटल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचं ते वहीत लिहिलेलं. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर नाहीत. शेजारच्या बिगरख्रिस्ती घरातलं मूल गाण्याच्या ओढीने येऊन बसलं, तर त्याच दिवशी त्याच्या आईबापांना जाऊन विचारायचं, आणि वर्गात कोणाच्याही देवाची, आजोबांच्या पूजेची चेष्टा होऊ द्यायची नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ मध्ये शिक्षा आहे. संस्था चालवणाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंत कैदेची आहे. 'मंडळीची बदनामी नको, आपसांत मिटवू' हे म्हणायचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाइन नंबर वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहा.

येत्या कमिटी बैठकीत चार ठराव घ्यावेत ही विनंती : वर्गाला ठरलेली पंचेचाळीस मिनिटं, कमीत कमी दोन वयोगट, प्रत्येक गटाला चार शिक्षक, आणि अंदाजपत्रकात संडे स्कूलचं वेगळं पान. नाताळची स्पर्धा एकदम बंद करणं जड जात असेल तर या वर्षी तिचं रूप बदला. प्रत्येक मुलाने एक गोष्ट दोन मिनिटांत आपल्या घरच्या बोलीत सांगायची, नंबर नाही, सगळ्यांना सारखाच खाऊ. स्टेज, माइक आणि नवा फ्रॉक आहे तसाच राहू द्या. ठराव मार्चच्या आत झाले तर जूनच्या पहिल्या रविवारी नवी आखणी सुरू करता येईल. प्रशिक्षणाचा पहिला अर्धा दिवस घ्यायला आमच्यातले लोक स्वतःच्या खर्चाने येतील. तुम्ही फक्त फळा, सतरंजी आणि चहा ठेवा.

आपले,
खानदेशातले काही संडे स्कूल शिक्षक-शिक्षिका